मधोमध मोठा मणी

दत्तू,

मधोमध मोठा मणी, दोन्ही बाजूंनी उतरते, आणि खाली रेशमी गोंडा! अरे, तुझ्या त्या तीन पेडांच्या दोरीची माळ केली आबांनी. फोटोला घालायची माळ! लाल एकीकडं, निळे एकीकडं, पांढरे बारके सगळे टोकाला नेऊन बसवले. आणि वर मलाच विचारतात, "सुरेख झालीया न्हवं?"

वर्ष होत आलं तुला जाऊन. एवढ्या दिवसांत मी तुला एक ओळ लिहिली नाही. मेलेल्याला कसलं पत्र, पोस्टमन ते कुठं नेऊन देणार? पण आज लिहिते, कारण काम तुझ्याशीच आहे. ह्या घरात दुसऱ्या कुणाला विचारावं असं नाही. अक्षराला नावं ठेवू नकोस. दुसरीतनं शाळा सुटलेल्या बहिणीला तूच गिरवायला लावलं होतंस.

शुक्रवारी तुझं वर्षश्राद्ध. पाव्हणे यायचे. फोटो मोकळा दिसू नये म्हणून आबांनी, आपल्या चुलत्यांनी, फळीवरची तुझी दोरी पिशवीत घातली, सांगवीहून बारामतीला नेली आणि पाटवेकऱ्याकडून तिचे मणी नव्यानं ओवून आणले. मी तेव्हा इंदापूरला, नणंदेच्या लेकीच्या बारशाला. नसते गेले तर बरं झालं असतं! पाटवेकऱ्याचा तरी काय दोष म्हणा. त्याच्या पुढ्यात मणी आले की तो जन्मभर करत आला तेच करणार. लहानमोठे निवडणार, रंगाला रंग लावणार.

"अगं, पोराच्या हातचा जिन्नस," आबा म्हणाले. "फळीवर धूळ खात पडला हुता. त्याच्याच गळ्यात शोभंल म्हणून नेला." बोलताना डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. मला आणखीच राग आला. वाईट मनानं केलं असतं तर भांडायला सोपं गेलं असतं.

काल, रविवारी, तुझा तो साठे आला. पुण्याच्या प्रयोगशाळेतला, तुझ्या शेजारच्या टेबलावरचा. फोटोपुढं हात जोडले आणि हात तसेच राहिले.

"ही... ही ओवली कुणी?"

"बारामतीत केली," आबा छाती काढून म्हणाले. "अस्सल रेशीम हाय बघा त्यात!"

साठे ओसरीवर बसला. चुलतीनं, नानीनं, चहा आणला, तो निवून गेला. मग मला हळूच म्हणाला, "ताई, एकेका पेडाच्या साखळीत कोणामागं कोण येतं हे आम्हांला थोडंफार माहीत आहे. पण साखळ्या वळल्यावर कोण कोणाला टेकतं, ते दत्तूनं हातानं बसवून बसवून शोधलं होतं. शेवटची रचना त्यानं इथंच केली. तिची दुसरी प्रत नाही."

शनिवारी त्याला तुमच्या सरांपुढं सगळं मांडायचं आहे. सर म्हणतात, दोन ठिकाणी मणी एकमेकांत घुसतात, म्हणजे दोरीच चूक. तीन पेडांचा विचारच सोडून द्यायचा. तू बसवलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय ते ऐकायचे नाहीत. गुरुवारी दुपारच्या एस.टी.नं येतो म्हणाला. जाताना आबांच्या पाया पडला. रागाचा एक शब्द बोलला नाही. तुझ्या सोबत्यांना भांडता येत नाही रे!

सर काय म्हणतात ते मला आधीच ठाऊक होतं. तूच सांगितलं होतंस. कावीळ होऊन आलास, खोक्यात ती दोरी घेऊन. अंथरुणावर पडून राहा म्हटलं तर पडवीत बसून मणी हलवायचास. मी कांद्याची रोपं जुडीला लावत असायची आणि तुझी टकळी चालू. प्रोटीन म्हणे, आणि त्यात अमायनो आम्लांची ओळ. मला तोंडात बसेना. मी मणीच म्हणायची, मग तूही मणी म्हणायला लागलास.

"आक्का, आपण अंबाडीचं चऱ्हाट वळतो न्हवं? तीन पेड. तशीच ही दोरी."

"असल्या दोरीनं कुणाचा बैल बांधायचा?"

"तू बांधलेली हायस हिनं. तुझं कातडं, तुझी हाडं, बैलाच्या पायाची शीर, समदं हिच्यावर धरून हाय."

मी हसले. मग तू माझा हात ओढून दोरीवर ठेवलास. एका पेडातला दर तिसरा मणी आत, मधल्या फटीत जातो. तिथं जागाच नाही, म्हणून तो सगळ्यांत बारका पाहिजे. थोडा जरी मोठा घातला तर दोरी फुगते. तू मुद्दाम लाल मणी घालून दाखवलास. फुगली की खरंच! ओवताना शेजारी असतात ते वेगळे आणि वळल्यावर शेजारी येतात ते वेगळे, म्हणालास. ह्या पेडातला इथला मणी त्या पेडातल्या लांबच्या मण्याला जाऊन टेकतो. कोण नुसतं जवळ आहे आणि कोण खरंच धरून ठेवतं, एवढंच तुला शोधायचं होतं. एवढंच! आणि त्यापायी जेवायची शुद्ध नाही.

सरांनी चूक काढली म्हणून रडत बसला नाहीस, हे मला आवडलं होतं. पीळ जरा ढिला केलास, मणी किंचित फिरवलेस, पुन्हा बसवलेस. आणि एक दिवस ओरडलास, "बसलं, आक्का! कुणीबी कुणात घुसत न्हाय!" मी म्हटलं, "बसलं तर आता भात खा." मऊ भात केला होता. चार घास खाल्लेस. नंतर ताप चढला तो उतरलाच नाही.

आता ऐक मी काय केलं ते. साठेची गाडी वळली आणि मी फोटोवरची माळ काढली. विळीवर धरून गोंडा तोडला. मणी परातीत सांडले.

नानी किंचाळली, "अगं सटवे, मेलेल्याच्या गळ्यातलं काढतीस?"

"गळ्यात घालायला त्यानं केलंच न्हवतं!"

"शुक्रवारी पाव्हण्यांना काय दाखवायचं? बोडका फोटो?"

"मला बोलवा. मी सांगते त्यास्नी, दत्तू काय करत हुता ते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"तुमच्यापरीस चार मणी जास्त!"

आबा उठून मळ्यात गेले. रात्री ताटावर बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "मला ठाऊक असतं तर नेला नसता." मी म्हटलं, "ठाऊक नव्हतं तर विचारायचं." लागलं त्यांना. लागू दे. विचारायला तोंड होतं, मी होते, चार दिवस थांबले असते तर काय बिघडत होतं? तुझ्या आजारपणात हेच. वैद्य झाला, भगत झाला, आणि मी पुण्याला न्या म्हणून ओरडत होते तर म्हणे बाईमाणसानं मधे बोलू नये. आता मधेच बोलणार मी, आणि मोठ्यानं.

पाटवेकऱ्यानं मण्यांतनं काढलेली तुझी तांब्याची तार कुठं सापडली सांगू? नानीनं दोडक्याच्या मांडवाला गुंडाळली होती! सोडवून आणली, दगडावर धरून सरळ केली. आज सकाळपासून ओवायला बसले आहे. बारके पांढरे दर तिसऱ्या जागी. तिन्ही पेडांतले पांढरे एका उंचीला येत नाहीत, एकेका पायरीनं सरकतात, हेही आठवलं, कारण मी पहिल्यांदा एका उंचीला घातले आणि दोरी बसेना. तेवढं माझ्या हातांनी लक्षात ठेवलेलं दिसतंय.

पण पुढं? लाल बहुतेक पांढऱ्याच्या पाठोपाठ. बहुतेक! निळ्यांचं तर काहीच सुधरत नाही. निळा मणी बाहेर तोंड करून होता की शेजारच्या पेडाला टेकून? डोळे मिटले की तुझी पिवळी पडलेली बोटं दिसतात, मणी दिसत नाहीत. आणि पीळ किती ढिला? जरा ढिला म्हणालास. तुझं जरा किती रे?

तुझ्यावरही राग आहे माझा. एवढा शिकलास, कागदांचे गठ्ठे खरडलेस, आणि बसलं म्हणून ओरडल्यावर भिंतीवर कोळशानं एक खूण करता आली नाही? उद्या करू म्हणालास. उद्या, उद्या! तुला काय वाटलं, आम्ही सगळे आहोत तिथंच राहू, फळीवरची दोरीसुद्धा?

आणि माझं एक राहून गेलं. पावसाच्या आत रोपं लावायची म्हणून मी अर्धं ऐकायची, अर्धं हूं म्हणायची. कांदा निघाला, विकला, संपला. तू सांगत होतास ते सगळं ऐकलं असतं तर आज ही वेळ आली नसती. पण त्याचं रडगाणं गात बसायला मला सवड नाही. गुरुवार तोंडावर आला.

माझा शब्द घे. जिथं मला पक्कं ठाऊक नाही तिथं मणी घालणार नाही. तार उघडी ठेवीन. दिसायला भुंडी दिसली तरी चालेल. साठेला सांगेन, एवढं दत्तूचं, एवढं माझ्या अंदाजाचं, आणि ही मोकळी जागा कुणाचीच नाही, तुम्ही शोधा. सर म्हणाले की दोरीच चूक, तर मी गाडीत बसून पुण्याला जाईन आणि त्यांच्याच बोटांनी त्यांना तिसऱ्या जागी मोठा मणी घालायला लावीन. फुगली की बघतील. फोटो बोडका राहू दे शुक्रवारी. पाव्हणे जेवून जातील, त्यांना काय त्याचं.

मोरगावच्या गणपतीला कौल लावून ये म्हणते नानी. मी नाही जायची. देवानं काही दोरी वळली नव्हती, तू वळलीस. तूच सांग. आबांच्या स्वप्नात जाऊ नकोस, ते उठेपर्यंत विसरतात. माझ्याकडं ये. खाल्ल्याप्यायल्याची विचारपूस नको, रडणं नको, कामाचं तेवढं बोल. ओवायला मला एक अख्खा दिवस लागतो, म्हणून बुधवारी उजाडायच्या आत उत्तर पाहिजे: निळा आत की बाहेर?

तुझी आक्का