हार्पची अकरावी तार

मी, रत्नपाल भिकू ओव्हाळ, वय एकाहत्तर, धंदा लॉज चालवणे, राहणार मुरुड, जिल्हा रायगड, शुद्धीत असताना आणि कोणाच्या दडपणाशिवाय माझी शेवटची इच्छा लिहून ठेवतो. परवाच डॉक्टर म्हणाले, "काका, तुम्ही शंभरी गाठणार." तरी घाई आहे. कारण कलम पाचमध्ये.

१. लॉजच्या चार खोल्या, अंगण व विहीर मुलगी प्राप्ती हिला. मुलगा प्रज्योत याला पनवेलचा गाळा व ट्रक आधीच दिला आहे. बाळा, रागावू नकोस. पाच वर्षांत दोनदा आलास, दोन्ही वेळा "बाबा, हे विकून टाकू" एवढेच म्हणालास.

२. शेजारी दिनानाथ यांनी कुंपण दीड हात आत सरकवले, तेव्हा मी बाजारात आहे असे त्यांना वाटले. जमिनीत पहार शिरली की मला गल्लीच्या टोकाला ऐकू येते. ती जागा त्यांनी ठेवावी. तिथल्या माडाचे नारळ मात्र आमचे.

३. छत्तीस तारांचे हार्प, म्हणजे उभे विलायती तंतुवाद्य, केसरबाईंनी मला दिले. त्यांच्या बंगल्यावर मी माळी होतो. वाजवायला नाही, तारा बदलायला शिकवले. खाऱ्या हवेत त्या सारख्या तुटत आणि माझा कान तिखट. त्यांच्या गुजरातीत गांडा म्हणजे वेडा. "अरे गांडा, एक काढ नी एक बांध. सगळ्या एकदम सोडशील तर लाकूड मरेल." नवी तार भोकातून निसटू नये म्हणून खालच्या गाठीत जुन्या तारेचा तुकडा अडकवायचा, ही त्यांची पद्धत.

४. आम्ही बौद्ध. वडिलांनी घरातली देवदेवस्की सगळी समुद्रात सोडली. म्हणून फक्त कानांनी ऐकले ते लिहितो. माणूस बोलले की त्याच्या आवाजाला जुळणारी तार आपोआप गुणगुणते. यात नवल नाही. केसरबाईंची पाचवी. ती तुटली, नवव्या दिवशी बाई गेल्या. माझी पत्नी कमळ हिची विसावी. ती विरू लागली तेव्हा मी खुंटी पिळत बसे. कमळ हसून म्हणाली, "तारेला कशाला छळता? जायचं हाय तिला, जाऊ द्या." नवव्या दिवशी तीही गेली. नव्या तारेच्या गाठीत तिच्याच तारेचा तुकडा घातला. घरात कोणी बोलत नसले तरी विसावी कधी कधी गुणगुणते. मी ओ देतो.

५. गेल्या सोमवारी प्राप्तीने स्वयंपाकघरातून "बाबा, सुरमई तळू का?" म्हणून विचारले आणि तिची अकरावी तार घोगरी वाजली. पाहिले तर मधोमध विरलेली. मी ताटाला हात लावला नाही. ती ओरडत होती, "बाबा, जेवत का न्हाय तुम्ही?"
मंगळवारी ती बाजारात गेल्यावर मी अकरावी तार आपण होऊन तुटायच्या आत उतरवली. उतरवलेली तार म्हणजे तुटलेली नव्हे, असा माझा कयास. माझी एकतिसावी धडधाकट होती. तीही उतरवली, तिचा तुकडा गाठीत घालून अकराव्या जागी नवी तार बांधली. आता प्राप्ती बोलते तेव्हा अकरावी गप्प असते. मी बोललो की वाजते. काल ती कोरी तार विरू लागली.

६. प्राप्ती, तू म्हणशील, बाबांचं डोकं फिरलं. फिरू दे. पण माझी गाठ सोडायची नाही आणि त्या जागी दुसरी तार बांधायची नाही. एवढे ऐक.

७. वरील मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवताना अकरावी तुटली. ते दोघे आणि मी, तिघांनीही ऐकली. काळूराम म्हणाले, "रत्नपालभाऊ, बांधा परत, अजून वेळ हाय." मी नको म्हटले. नववा दिवस शनिवारी, सोळा तारखेला येतो. त्या दिवशी खोल्यांचे बुकिंग घेऊ नये.

ठिकाण : मुरुड
दिनांक : ८ नोव्हेंबर २०२४

सही : रत्नपाल भिकू ओव्हाळ

आमच्यासमोर सही झाली :
१. काळूराम हिरू नाखवा, मच्छीमार
२. हेमाली सुरेश भगत, शिक्षिका