सकाळचा तो आवाज

मंगळवार, संध्याकाळ

उद्यापासून आपल्या एफएमवरचं सगळं मुंबईहूनच येणार. म्हणजे सकाळची ती उद्घोषणाही गेली. ह्यांच्या आवाजातली. "सुप्रभात, रत्नागिरी," आणि मग तो बारीकसा खोकला. इथलं आकाशवाणी केंद्र नवं होतं, हे तिथे निवेदक, तेव्हा मीच म्हटलं होतं, पुन्हा रेकॉर्ड करा. मी कॉन्व्हेंटमध्ये वाढलेली, डाग दिसला की पुसायचाच. "राहू दे गं, घरचंच केंद्र आहे," म्हणाले. हे गेल्यावरही कुणी ती बदलली नाही. रोज तो खोकला ऐकूनच मी चहा ठेवायची.

मिरकरवाड्याची हसीना मासळी घेऊन आली की चिडवायची, "बाय, तुझा घो मेल्यावरपन येळेवर उठतो. माझा जिता असून लोळतो!" आज टोपली उतरवून दोन बांगडे जास्तच टाकले.

मग केंद्रातल्या नीलिमाचा फोन. "काकू, काकांचा आवाज पेन ड्राइव्हवर देते. हवा तेव्हा लावून ऐका."

गुणी पोर. हो म्हटलं, आणि फोन ठेवून रडले. तिला कसं सांगू? इतकी वर्षं मी ह्यांना कधी लावलं नव्हतं. हे आपणहून यायचे.