तीन पायऱ्या उजळ

कुमासी,
४ फेब्रुवारी

चि. फ्रेमास,
पोकुआमावशीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोर्डाचा विषय काढला की तुझा आवाज बँकेतल्या बाईसारखा होतो आणि तुला एकदम भलतंच काम आठवतं. म्हणून हे पत्र. आमच्या चर्चमधल्या कोरांतेमाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी लंडनला निघाल्यात, त्यांच्या पिशवीत सुक्या माशांच्या पुडक्याखाली घालून पाठवतेय. वास आला तर नाक मुरडू नकोस, याच माशांवर वाढली आहेस.

तर, केजेतिया बाजाराच्या तोंडाशी तुझा बोर्ड लागलाय. दुमजली घराएवढा. हातात चेहरा उजळायची क्रीम, दातांतली फट तुझीच, नाक आपल्याच घराण्याचं. पण रंग? अर्धवट भाजलेल्या पावाचा! तुझे बोआतेंगमामा काठी टेकून बराच वेळ बघत उभे राहिले आणि मला विचारलं की ही इथल्या कुठल्या गोऱ्या लेबनानी दुकानदाराची मुलगी. आपली फ्रेमा आहे म्हटल्यावर म्हणाले, मग पोरीला कावीळ झालीय, कुणीतरी कळवा तिला. मी कळवतेय.

लहानपणी तुला शियाच्या बियांचं लोणी चोळून उन्हात बसवलं की नव्या मोटारीसारखी चमकायचीस. ती चमक कुठे गेली गं? साडेसहा लाख माणसं व्हिडिओंत तुझं ऐकतात म्हणे. समुद्रातल्या कासवांसाठी तू रडलीस, कुठल्याशा देशातल्या नदीसाठी दोन दिवस सुतकाचे कपडे घातलेस. आता स्वतःच्याच तोंडाचं असं झालं, तर मूग गिळून का बसलीस?

आमची सेरवा मात्र हवेत आहे. पंधरा वर्षांची घोडी, पण रोज शाळेतून वाट वाकडी करून बोर्डाखालून येते आणि ही माझी ताई म्हणून अनोळखी माणसांना सांगते.

उत्तर धाड. आशीर्वाद आहेतच, उत्तर आल्यावर चार जास्त देईन.

तुझी,
मावशी


लंडन,
१६ फेब्रुवारी

ती. मावशीस,
फ्रेमाचा सा. न. वि. वि.

मासे पोचले, पत्रही पोचलं, आणि दोन्हींनी डोळ्यांत पाणी आणलं.

फोनवर मी बोलत नाही याला कारण आहे. कंपनीशी माझा चाळीस पानी करार आहे. जाहिरातीबद्दल फोन, संदेश, ईमेल, व्हिडिओ, मुलाखत, सगळ्याला बंदी. पानं उलटून पाहिली तर कागदावरच्या पत्राचा उल्लेख कुठेच नाही. आजकाल कुणी हाताने पत्र लिहितं, हे त्यांच्या वकिलांच्या स्वप्नातही आलं नसावं. तेव्हा इथे मोकळी आहे.

मावशी, तुला वाटतं तितकं हे सोपं नाही. इथे लंडनमध्ये माझी जाहिरात माझ्याच रंगात लागली आहे. स्टेशनावर बायका थांबून फोटो काढतात, एका आजीने तर माझ्या गळ्यात पडून सांगितलं की असा चेहरा भिंतीवर बघायला तिने साठ वर्षं वाट पाहिली. तिकडच्या बोर्डाचं म्हणशील तर तो प्रकाशाचा, छपाईचा दोष असणार. मी आज ओरडले तर उद्या माझ्यामागून येणाऱ्या दहा काळ्या मुलींना दार बंद होईल. मी आत राहून बदल घडवते आहे. बाहेरून दगड मारणं कुणालाही जमतं.

तू रागावू नकोस. सेरवाला माझा गोड पापा.

लोभ आहे तेवढाच राहू दे, फक्त टोमणे थोडे कमी कर.

तुझी,
फ्रेमा


कुमासी,
१ मार्च

चि. फ्रेमास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आत राहून बदल घडवतेस हे वाचून आनंद झाला. आपल्या माळ्यावरची वाळवीही गेली चार वर्षं आत राहूनच बदल घडवते आहे.

आता गंमत पुरे. काल सेरवाच्या गादीखाली ती क्रीम सापडली. दोन ट्यूबा रिकाम्या, तिसरी निम्मी. गेले काही दिवस पोरगी या उकाड्यात गळ्याला रुमाल बांधून हिंडत होती, मला वाटलं काहीतरी नवी फॅशन. रुमाल सोडला तर मान लालबुंद, कानामागची कातडी सुटलेली. हात लावला तर किंचाळली.

मी म्हटलं, बाजारातल्या त्या बाया बघतेस ना, तोंड पपईचं आणि बोटांची पेरं काळी ती काळीच? म्हणाली, त्या स्वस्तातली लावतात, ताईने लावली ती वेगळी. मी म्हटलं, ताईने काही लावलेलं नाही, बोर्ड खोटा आहे. तिने विचारलं, तुला गं काय माहीत?

ट्यूब मी फेकली, तर तिने आणखी आणली. माझं ऐकत नाही. तू तोंडाने सांगितलंस तर ऐकेल. सोबत तिचा फोटो पाठवतेय, बोर्डाखाली उभी आहे. बघ किती खूश दिसते.

आपल्यात मावशी म्हणजे आईच, म्हणून हक्काने सांगते. साडेसहा लाखांचं राहू दे, या एकीशी बोल.

तुझी,
मावशी


कुमासी,
३ मार्च

प्रिय फ्रेमाताईस,
सेरवाचा सा. न.

आईने तुला काहीबाही लिहिलं असेल, तिकडे लक्ष देऊ नकोस. मला फक्त एवढंच विचारायचंय की तुला किती आठवडे लागले? माझे गाल जरा उजळलेत, पण कोपर आणि गुडघे ऐकतच नाहीत. मान जळते, म्हणजे क्रीम काम करतेय ना? तू वरून कुठला साबण लावतेस ते कळव.

व्हिडिओंमध्ये तू अजून काळी दिसतेस. मैत्रिणी विचारतात, तेव्हा मी सांगते की ते सगळे जुने आहेत.

बोर्ड आपल्याच छापखान्यात छापला हे आईने कळवलंच असेल. दोन दिवस ती संगणकासमोरून उठली नाही आणि मला आत पाऊल टाकू दिलं नाही. मला चकित करायचं असेल! मी झालेच चकित.

हे आईला सांगू नकोस. साबणाचं विसरू नकोस.

तुझी लाडकी,
सेरवा


लंडन,
१४ मार्च

श्रीमती पोकुआ, मालकीणबाई, छापखाना, अडुम, यांस,
स. न. वि. वि.

मायना वाचून झोंबलं असेल तर बरं झालं. सेरवाचं पत्र आलं. बोर्ड तुझ्या छापखान्यातून निघाला आणि तू मलाच विचारतेस की रंग कुठे गेला? याला चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात, हे तूच मला शिकवलंस. मामांच्या काविळीचा विनोद लिहिताना तुला लाज नाही का वाटली गं? वाळवी म्हणालीस मला!

हे पत्र मी तीनदा फाडलं. कारण पुढचं लिहावं लागणार होतं.

कंपनीच्या तिकडच्या एजंटाने तो फोटो मंजुरीसाठी मला पाठवला होता, जानेवारीत. मी बसमध्ये होते. बघितला. छपाईचा दोष नव्हता, चांगला नीट, काळजीपूर्वक उजळलेला होता. माझा थांबा जवळ आला होता. मी ‘मंजूर’वर बोट ठेवलं आणि उतरले. त्या दिवशी कासवांवर दोन व्हिडिओ केले.

तू रंगवलंस आणि मी पसंत केलं, मावशी. आपण दोघींनी मिळून केलं, आणि दोघीही एकमेकींना विचारत बसलोय की तू का बोलत नाहीस.

सेरवाला काय लिहू ते सुचत नाही. साबणाचं विचारलंय तिने.

फ्रेमा


कुमासी,
२६ मार्च

चि. फ्रेमास,
अनेक आशीर्वाद. तुला ते घ्यावेसे वाटले तर.

तू लिहिलंस त्यातलं एक अक्षरही खोटं नाही. माझा धंदा तुला माहीत आहे. शनिवारच्या अंत्यविधींचे फलक. विधवा येते, नवऱ्याचा फोटो देते आणि सांगते की जरा उजळ करा, चारचौघांत लागायचाय. मी करते. आयुष्यभर उन्हात कोको तोडलेला माणूस माझ्या दुकानातून बाहेर पडतो तो विलायती पाद्र्यासारखा गोरापान होऊन. मेलेला तक्रार करत नाही.

एजंटाने कागद दिला, त्यावर लिहिलेलं की या भागासाठी तीन पायऱ्या उजळ. तुझा फोटो बघून माझा हात थांबला. तो म्हणाला, मावशी, वर्षभराचे सगळे बोर्ड तुमच्याकडेच. हात पुन्हा चालू झाला. काम करताना तुझी आई आठवत होती असं लिहिलं तर ते खोटं होईल, तेव्हा मला शाई पुरेल का एवढंच आठवत होतं. ती आठवली बोर्ड वर चढल्यावर. मग मला वाटलं, तू ओरडशील, बोर्ड उतरेल आणि माझं नाव कुठे येणार नाही. लाज वाटते मला.

सेरवाला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली की मी क्रीम सोडावी म्हणून तू काहीही सांगशील. आता काय करायचं, सांग.

सोबत तुझा मूळ फोटो आणि एजंटाचा तो सहीचा कागद पाठवतेय. बिनधास्त दाखव. त्याचं काम गेलं तर गेलं, या गावात माणसं मरायची थांबलेली नाहीत.

माया होती तेवढीच आहे.

तुझी,
मावशी


कुमासी,
१२ एप्रिल

प्रिय फ्रेमाताईस,
सा. न. वि. वि.

तुझा व्हिडिओ आमच्या सगळ्या वर्गाने पाहिला. बारा लाख लोकांनी पाहिला म्हणे! तो कागद सगळ्यांना दाखवलास, मंजुरी दिल्याचंही कबूल केलंस, करार मोडलास. खूप शूर आहेस. इकडे एजंटाने दुकानात येऊन आईवर आरडाओरडा केला, आईने त्याच्याहून मोठ्याने केला. कंपनीने माफी मागितली. बोर्ड अजून आहे, पण खाली एक पट्टी चिकटवली आहे, ‘प्रत्येक रंग सुंदर’.

पण ताई, एक विचारू? या व्हिडिओतही तुझं नाक बारीक दिसतं, गाल चकचकीत दिसतात. रंग बोर्डाइतका नाही, पण माझ्याहून बराच उजळ. शेजारी धरलेला मूळ फोटोही उजळच दिसतो. वर्गात यावरून दोन तट पडलेत. एक म्हणतो तू खरं बोलतेस, दुसरा म्हणतो की हिने लावायची ती लावून घेतली आणि आता आपल्याला नको म्हणते.

मी दुसऱ्या तटात आहे. राग मानू नकोस. क्रीम अजून बंद केलेली नाही.

तुझी,
सेरवा


लंडन,
२० एप्रिल

चि. सेरवास,
ताईचे खूप आशीर्वाद.

करार संपला, आता फोनवर बोलता येईल. पण हे फोनवर मला बोलवणार नाही.

मी व्हिडिओ केला तेव्हा फोनमधला चेहरा सुंदर करणारा फिल्टर चालू होता. मी विसरले, असं तुला लिहिणार होते, कासवांची शपथ घालून. पण विसरले नव्हते गं. मी तो बंद केला, स्वतःकडे बघितलं आणि परत चालू केला. काळ्या रंगाचा अभिमान बाळगा, असं बारा लाख लोकांना सांगायचं होतं, तर जरा बरं दिसायला हवं असं वाटलं.

तू दुसऱ्या तटात आहेस ते बरोबरच आहे. तुला उपदेश करायला माझ्याकडे तोंड उरलेलं नाही. पण मान तुझी सोलते आहे, माझी नाही, आणि त्याची मला फार भीती वाटते. मी तिकीट काढलंय. पुढच्या शुक्रवारी येते. सकाळी मी तोंड धुवायच्या आधी मला उजेडात नेऊन बघ आणि मग काय ते ठरव.

मावशीला सांग, फुफूचे गोळे आणि रस्सा कर, आणि सामोपचाराच्या गोष्टी जेवण झाल्यावर.

तुझीच,
ताई


कुमासी,
९ मे

प्रिय फ्रेमाताईस,
सेरवाचा सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं कळलं. इकडची बातमी अशी की बोर्ड उतरला. आई म्हणते, बारा लाख लोकांना जे जमलं नाही ते एका टोमॅटोवालीने केलं.

तू त्या शनिवारी बोर्डाखाली उभी राहून किती छान बोललीस, आपला रंग, आपला मान, आपल्या आज्या. कुणीही ऐकलं नाही. ट्रोत्रो गाड्यांचे कंडक्टर तुझ्याहून मोठ्याने प्रवासी बोलवत होते. मग त्या टोमॅटोवालीने वर बघितलं, तुझ्याकडे बघितलं, पुन्हा वर बघितलं आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडली की अगं बायांनो, ही तर तीच! कंपनीची स्वतःची पोर, फुकट क्रीम चोपडते, तरी कोळसा तो कोळसाच! मग आपल्याला काय डोंबल गुण येणार? तू सांगत होतीस की मी कधी लावलीच नाही, पण ते ऐकायला कोण थांबतंय! दुपारपर्यंत क्रीमवाल्याच्या टपरीपुढे ट्यूबा परत करायला रांग लागली. तू गेल्यावर दोन दिवसांनी एजंटाने स्वतः शिडी आणली. तिथे आता केसांच्या तेलाचा बोर्ड आहे, त्यावरची मुलगी कुठली ते मामांना अजून ठरवता आलेलं नाही.

आईने दुकानात पाटी लावली आहे की मयताचा रंग बदलून मिळणार नाही. दोन गिऱ्हाइकं शेजारच्या दुकानात गेली. आई त्यांच्या पाठीमागून बराच वेळ बडबडत होती.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की मान भरून यायला वेळ लागेल, आणि रंग पूर्वीसारखा एकसारखा होईलच असं त्यांना सांगता येत नाही.

ताई, ती बाई ओरडली तेव्हा सगळा बाजार हसला आणि तूही हसलीस. पण टॅक्सीत तू खिडकीकडे तोंड करून रडलीस. मला दिसलं. फोन तुझ्या मांडीवरच होता, पण व्हिडिओ करायला तू तो उचलला नाहीस. घरी आल्यावर मी ट्यूब आईच्या हातात दिली, ती त्यामुळेच. शाळेत मलाही कोळसाच म्हणतात. मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, ते फक्त मलाच लागतं.

पत्र लिहीत जा. माया असू दे.

तुझी,
सेरवा