खोलीत बावीस अंश

४ ऑगस्ट
वरच्या केंद्रावर तीन वर्षं पूर्ण. मक्याच्या प्लॉटमधल्या सापळ्यात या आठवड्यात लष्करी अळीचे पतंग: २. खालच्या केंद्रावर दोनशे. इथली थंडी किडीला सोसत नाही. मला सोसते.
मॅडमचा फोन. हवामान आणि किडीचा प्रसार यावर जो चांगला रिपोर्ट देईल, त्याची मुख्य ऑफिसात बदली. मुख्य ऑफिस आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. म्हणजे माझी बदली झाल्यातच जमा. बायकोला इतक्यात सांगायचं नाही, हरखून जाईल.

५ ऑगस्ट
संकल्प. पहाटे पाचला उठणे. बायकोला आपणहून फोन न करणे. तिने केला पाहिजे. सापळ्यातली रबरी गोळी बदलताना हातमोजे घालणे. (गोळीला मादीचा वास असतो, नर फसून येतात.)

६ ऑगस्ट
उठलो आठला. धुकं होतं, पाचला उठून दिसणार काय होतं? मोज्यांत बोटं आखडतात, म्हणून गोळी हातानेच बदलली, हात स्वेटरला पुसले. मोजे सोमवारपासून. बायकोला फोन केला, पण तो चष्म्याचा नंबर विचारायला. तो धरायचा नाही.

१२ ऑगस्ट, सकाळी ७
सापळ्यात ३. माझ्या खोलीत ९!!

१३ ऑगस्ट
खोलीत १४. थर्मामीटर आणून लावला. बाहेर सतरा, आत बावीस. एकदम डोक्यात प्रकाश पडला. ही खोली म्हणजे पुढच्या काळातलं हे पठार! हवा तापली की कीड वर चढणार, आणि ते मी आत्ताच खाटेवर बसून बघतोय. वॉचमन म्हणाला, साहेब, शेगडीमुळे माझी खोली तुमच्याहून गरम, तिकडे एकही नाही. त्याला काय कळतंय शास्त्रातलं.

१६ ऑगस्ट
खोलीत २३. सगळे खुंटीवरच्या स्वेटरवर. लोकर ऊब धरते, तेही रिपोर्टात घातलं. भिंगाखाली पाहिलं, सगळे नर. माद्या घर सोडून एवढ्या वर येत नसाव्यात. पटलं.
खरं सांगायचं तर संध्याकाळी कुलूप उघडताना आता बरं वाटतं. घरात कोणीतरी आहे असं वाटतं. पंखांची फडफड ऐकत जेवलो. दोन घास जास्त गेले.

१८ ऑगस्ट
रिपोर्ट पाठवला. चाळीस पानं, चार आलेख. राहवलं नाही, बायकोला सांगून टाकलं की कायमचा येतोय. ती गप्पच झाली. मग म्हणाली, नक्की ठरलं की आधी कळवा, एकदम येऊन उभे राहू नका. आनंदाने शब्द फुटेना बिचारीला.

२३ ऑगस्ट
मॅडमचं उत्तर, जेमतेम तीन ओळी. गोळी उघड्या हाताने बदलता का? मग हात कुठे पुसता? तो स्वेटर खोलीबाहेर काढा आणि पुन्हा मोजा.
ऑफिसात बसून फील्डवरचं काय समजणार! तरी त्यांच्या समाधानासाठी स्वेटर वॉचमनच्या दारातल्या दोरीवर टाकला.

२४ ऑगस्ट
खोलीत ०. वॉचमनच्या दारात १९. त्याची खोली अचानक जास्त तापली असावी.

२५ ऑगस्ट
खोलीत ०. बावीस अंश.
जेवण गेलं नाही.

२८ ऑगस्ट
बदली मधल्या केंद्रावरच्या बाईंची. त्या म्हणे पहिल्या दिवसापासून हातमोजे घालत होत्या.
बायकोला फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं. म्हणाली, बरं झालं वेळेवर कळवलंत. इथे घरी तुमच्या खोलीत शिवणाचा क्लास चालतो, सहा जणी येतात, मशीनं हलवायची म्हणजे केवढा व्याप. कितीतरी दिवसांनी एवढं मोकळं बोलली.
मी म्हटलं, राहू देत. एखादं मशीन खिडकीशी लाव, तिथे उजेड चांगला येतो.
तिथेच आहे, म्हणाली. तुम्ही गेलात त्याच आठवड्यात लावलं.