आप्पासाहेबांच्या सायकलवरचा गंज

मुकुंदवाडी, औरंगाबाद
श्रावण वद्य चतुर्थी

तीर्थस्वरूप नानासाहेबांच्या सेवेशी, कडूबाचा कोपरापासून नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यात खरं किती ते पत्र वाचून आपणच ठरवा. आपले गुडघे काय म्हणतात? वहिनींना नमस्कार. आपल्या बहिणीचं म्हणाल, तर वडील आप्पासाहेब गेल्यापासून द्वारकेचं अन्नावरचं मन उडालं ते उडालंच. भाकरीचा तुकडा मोडायचा, ताटाला नमस्कार करायचा आणि उठायचं. (मी गेल्यावरही ही अशीच उपाशी राहील का, असं विचारावंसं वाटलं होतं, पण धीर झाला नाही.) बाईमाणूस डोळ्यांदेखत वाळत चाललेलं बघवत नव्हतं, नानासाहेब.

अशात आपलं पत्र आलं, की वर्षश्राद्धाला येतो, आप्पांची सायकल भटजींना दान देऊ, उरलेली रक्षा पैठणला गंगेत सोडू म्हणजे आप्पा सुटले, आणि तोवर जावईबापूंनी सायकल लखलखीत करून ठेवावी. आता ही सायकल म्हणजे आप्पांचा जीव. निजामाच्या राजवटीत घेतलेली, पोलीस ॲक्शननंतरही त्याच सायकलवर हर्सूलच्या तुरुंगात कारकुनी केली, आणि हयातीत मला तिची घंटीसुद्धा वाजवू दिली नाही. वर्षभर परसात उभी राहून तिच्या क्रोमवर असा गंज चढला होता की हँडल कुठलं आणि सुरणाचा कंद कुठला ते कळू नये. मी लिंबू चोळलं, चिंच चोळली. हँडलला आंबट वास आला, गंज जागच्या जागी.

मग सायकलवाल्या दाऊदभाईंकडे गेलो. ते म्हणाले, "सिगरेट के पाकिट की चांदी पानी में भिगाव, ऊपर बारीक राख लेव, हल्लू हल्लू घिसो. जोर लगाए तो क्रोमच निकल जाता." चांदी माझ्याकडं निघाली (ती कशी, ते द्वारकेला कळवू नये). राखेची मात्र पंचाईत. चूल मोडून स्टोव्ह घेतल्यापासून घरात राख औषधालाही मिळत नाही. शेवटी परसातच एका डब्यात थोडी सापडली. आणि काय सांगू, हात फिरवावा तसा गंज उतरत गेला, खालून पांढरंशुभ्र क्रोम वर आलं.

इथून पुढचं बसून वाचावं. हँडल आरशासारखं झालं, तेव्हा त्यात परस दिसू लागलं: कडुलिंब, वाळत घातलेलं धोतर, वांग्याएवढ्या नाकाचा मी, आणि माझ्यामागं एक काळी टोपी. वळून पाहिलं तर कोणी नाही. वाटलं, डोळ्यांवर ऊन आलं. आणखी घासलं तर टोपी जवळ आलेली, तिच्याखाली आप्पांचा चष्मा, आणि हात पाठीमागं बांधलेले. मी छपराचे पत्रे ठोकताना उभे राहायचे ना, अगदी तसेच. माझ्या मानेवर गार वारा लागला आणि कडुलिंबाचं पान तर हलत नव्हतं. मग त्यांनी एक हात सोडवला आणि मागच्या चाकाकडं बोट दाखवलं. जन्मभर माझ्या प्रत्येक कामावर त्यांचं एकच बोलणं असायचं, "जावईबापू, मागलं राह्यलं." माणूस मेला तरी सासरा तो सासराच.

त्याच दिवशी उन्हं कलली, सायकल स्टँडवर, जवळ चिटपाखरू नाही, आणि घंटी दोनदा वाजली. हर्सूलहून येताना कोपऱ्यावर वाजायची तशीच. घरातून द्वारका सवयीनं बोलून गेली, "आप्पा आले वाटतं. च्या टाकते." मग तिचं तिलाच आठवलं. वाटलं, आता ही रडणार. तर ती कप घेऊन बाहेर आली, कॅरियरवर ठेवला आणि शेजारी बसून राहिली. थोड्या वेळानं कप रिकामा. (मांजर म्हणाल, तर आमचं मांजर दुधालासुद्धा नाक मुरडतं.) तेव्हापासून हे रोज चाललंय. मला परसात एकट्यानं जायची भीती वाटते. गेलोच तर मोठ्यानं रामरक्षा म्हणत जातो.

बाकी भेटीअंती. मुलांना आशीर्वाद.

आपला मेहुणा,
कडूबा

ता. क. : रक्षेचा डबा कुठं ठेवलाय असं आपण विचारलं होतं. आपणच तो कडुलिंबाला टांगून गेला होता, आणि मला ती राख द्वारकेनं चूल मोडताना भांड्यांसाठी ठेवलेली वाटली. डबा रिकामा आहे. म्हणजे आप्पा सध्या हँडलवर, घंटीवर आणि पुढच्या मडगार्डवर आहेत. पैठणला न्यायचं तर अख्खी सायकलच गंगेत सोडावी लागेल, आणि दान केली तर भटजी आप्पांवर बसून गावभर फिरतील.

आणखी ता. क. : द्वारकेला यातलं काही सांगितलेलं नाही. ती काल पोटभर जेवली, आणि वरून मलाच म्हणाली, "तुम्ही का वो वाळून चाललात?" म्हणून हात जोडून विनंती, वर्षश्राद्धाला या, गोडधोड खाऊन जा, पण सायकल न्यायचं नाव काढू नका.

शेवटचं : मागच्या रिमवर बोटभर गंज अजून आहे. आप्पा रोज तिकडं बोट दाखवतात. मीही रोज चिंधी घेऊन बसतो, रामरक्षा म्हणतो आणि मुद्दाम तेवढं सोडून बाजूचं घासतो. काम अर्धवट टाकून जायचा त्यांचा स्वभाव नाही.