लंगडा ठेका

तीर्थपुरी,
११ डिसेंबर १९९४

प्रिय रामकिसन,

तीन वर्षांत माझी एक ओळ न्हाई, आणि आज एवढं लांब पत्र आलेलं बघून तू आधी शेवटचं नाव वाचशील. वाच, आणि मंग मागं ये. घरी सगळे बरे आहेत. तुझ्या वहिनीचा गुडघा दुखतो, तरी कापूस वेचायला जाते. बँडमध्ये आता आठच जण उरलोत. ढोलावर बद्रीनाथ आहे. हात जल्दी चालतो त्याचा, वरातीतल्या पोरांना तसंच पाहिजे असतं.

मागल्या गुरुवारी जालन्याच्या एका बियाणे कंपनीचे पाहुणे रामरावांच्या शेतात कपाशी बघायला आल्ते. एक गोरे साहेब आणि त्यांच्या बाई, दोघंही सत्तरीच्या पुढचे. स्वागताला आपला बँड होता. जेवणं झाल्यावर बाई माझ्याजवळ आल्या आणि क्लॅरिनेटकडं बोट दाखवून काही बोलल्या. सोबत कंपनीचे गौतमचंद होते. ते म्हणाले, "यांच्या तरुणपणी गावात असाच बँड असायचा. हेच क्लॅरिनेट, हेच कर्णे. त्यावर जोडीनं नाचायचे. आता त्यांना नाचायचंय, पण तुमची लय पायाला बसंना."

आम्ही हळू केलं. बाईंनी मान हलवली. अजून हळू केलं, तर त्या हसल्या. गौतमचंदांनी सांगितलं, "त्या म्हणतात, घाई नको, पण झोपू बी नका." मंग बाईंनीच टाळी धरली. आपण टाळी समेवर देतो, यांची दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर. तोंडानं ठेका म्हणून दाखवला, एक ठोका लांब, एक आखूड, पुन्हा लांब, पुन्हा आखूड. बद्रीनाथचे ठोके बिलकुल सारखे पडायचे. शेवटी क्लॅरिनेट खाली ठेवून मीच ढोल गळ्यात घेतला, आणि कर्णेवाल्यांना धून धरायला सांगितली.

रामकिसन, साहेबांनी बाईंचा हात धरला. नुसती बोटं. हातभर लांब सोडलं आणि परत ओढून घेतलं, ओढ्यात पान फिरून काठाला यावं तसं. बाईंच्या पाठीला पोक आहे, साहेब पाय ओढत चालतात. पण ठेक्यावर दोघांचे पाय एकदमच उचलायचे, एकदमच टेकायचे. बाया आधी पदर तोंडाला लावून हसल्या. थोड्या वेळानं कुणी हसंना. झुंबरबाई तर डोक्यावरची पाटी उतरवायची विसरून उभी. सव्वीस वर्षं मी लोकांना नाचवतोय, पण कुणाचा पाय काय मागतो हे मी कधी ऐकलंच न्हवतं. माझ्या अंगावर काटा आला, तो अजून गेला न्हाई.

जाताना साहेबांनी एक कॅसेट दिली. रोज ऐकतो, घड्याळ लावून ठोके मोजतो. काही धुना मिनिटाला शंभराच्या आसपास. त्यात म्हातारी जोडपीही निवांत नाचतील. काही दीडशेच्या. तिथं टाच आपोआप उचलते. काही दोनशेच्याही वर, तिथं फक्त तरण्या पायांचं काम. लय कोणतीही असो, सगळीकडं तेच लांब-आखूड. तेच त्या नाचाला झोका देतं.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो. घनसावंगीच्या लग्नात भर मंडपासमोर मी तुझ्या गळ्यातला ढोल काढून घेतला. ताल लंगडतो तुझा, म्हणालो. लोक हसले. तू चपला घातल्यास आणि जीपमध्ये बसून गेलास. रामरावांच्या शेतात मी वाजवला तो ठेका तुझा होता. दहा वर्षं तुझ्या पुढं उभा राहून ऐकला, म्हणून हाताला आला. बाईंनी विचारलं, हे कुठं शिकलात? आणि मी म्हणालो, माझाच आहे. तेव्हापासून जेवण गोड लागंना. पाहुणे संक्रांतीनंतर पुन्हा येणार आहेत. तू ये, असं म्हणायचा हक्क मला उरला न्हाई. पण तू आलास न्हाई आलास, मी सगळ्या गावासमोर त्यांना तुझं नाव सांगणार आहे. ते तुला आधी कळावं, एवढ्यासाठी हे पत्र.

तुझाच,
कडूबा