मदरबोर्डाची सोयरीक

मेहरूण, जळगाव
२२ नोव्हेंबर १९९८

तीर्थरूप नानांच्या पायांवर धाकट्या भावाचं, सुकदेवचं डोकं. मी अजून दोन पायांवर उभा आहे, म्हणजे इकडे खुशाल आहे असं समजावं. तुमचा गुडघा थंडीत कुरकुरतो का? अक्कांनी पाठवलेला लेप मी माझ्या गुडघ्याला लावला. गुडघा होता तसाच राहिला, लुंगी मात्र कायमची पिवळी झाली. (अक्कांना फक्त गुण आला म्हणून सांगा.)

तुम्ही दोन पत्रांत एकच विचारलंत, उज्ज्वलाचं काय ठरलं? सांगतो, पण क्रमाने. बंगलोरच्या कंपनीने तिला कॉम्प्युटरवर पुलांचे नकाशे काढायच्या नोकरीला बोलावलं, हे तुम्हाला ठाऊक आहे. तिने जाऊ नये असं तुम्हालाही वाटत होतं आणि मलाही. तुमचं कारण 'लोक काय म्हणतील' हे होतं. माझं कारण असं की तिची आई वच्छला गेल्यापासून या घरात माझ्याशी भांडायला ही एकच पोर उरली आहे. एकदा जेवताना ती म्हणाली, "आबा, या कामाला दणकट मशीन लागतं. जळगावात ते कुणाच्या घरी आहे?" मी मनात म्हटलं, सापडली वाट! मशीनच घरात आणू, मग बघू कशी जाते.

आपल्याकडे एकट्याने खरेदी करायची पद्धत नाही. बैल घ्यायला पारोळ्याच्या बाजारात गेलो तरी चार माणसं सोबत लागतात. म्हणून शेजारच्या जीवरामला घेतलं. (तोच, रेल्वेतून रिटायर झालेला. स्वतःचा रेडिओ त्याला लावता येत नाही, पण दुसऱ्याच्या यंत्रातलं सगळं कळतं.) त्याच्या मेहुण्याने मुंबईहून प्रोसेसर आणून दिला. हा कॉम्प्युटरचा मेंदू. भारीतला भारी घेतला आणि मी ऐटीत पोरीपुढे ठेवला. तिने कपाळाला हात लावला. म्हणाली, "आबा, आधी मदरबोर्ड ठरवायचा असतो. आता याला जुळणारा शोधा." नाना, मदरबोर्ड म्हणजे पेटीच्या आत एक हिरवी पाटी असते, बाकी सगळे अवयव तिच्यावर बसतात. घरातल्या कर्त्या बाईसारखं समजा. बाहेरून दिसत नाही, पण ती नसली की बाकीचे नुसते पडून राहतात. हे मला कुणी शिकवायला नको.

म्हणजे नवरदेव घरात येऊन बसला आणि आम्ही नवरी शोधायला निघालो. रुपचंदशेठच्या दुकानात पहिला बोर्ड पाहिला. त्याची खाच चौकोनी आणि आमचा प्रोसेसर उभ्या पट्टीचा, पत्रिकाच जुळेना. हात हलवत परत आलो. त्या संध्याकाळी पोरगी म्हणाली, "बोर्ड मिळू द्या, मशीन जोडून देते आणि मगच जाते." म्हणजे मशीन आलं तरी ती जाणारच होती! रात्रभर पंख्याकडे बघत पडलो. (वीज गेल्याने पंखा बंदच होता.) सकाळी माझ्या लक्षात आलं, की बोर्ड मिळेपर्यंत ती घरात आहे. मग बोर्ड मिळायची घाई कुणाला आहे?

नाना, स्थळ टाळायचं असलं की कसं टाळायचं, हे मी तुमच्याच हाताखाली शिकलो. दुसऱ्या बोर्डात आवाजाची सोय नव्हती. मी म्हटलं, मुकी सून नको. तिसरा सगळ्या बाजूंनी चांगला होता. मग मी जीवरामला कोपराने ढोसलं. त्याने बोर्ड उजेडात धरला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "भाऊ, याना रंग देख, कसा काया शे! आनि बठ्ठ्या खाचा रिकाम्या शेतस." रुपचंदशेठ तिसरा चहा मागवत म्हणाला, "सुकदेवभाऊ, खाचा रिकाम्याच असतात, नंतर भरायच्या असतात." मी म्हटलं, ज्याचं घराणं माहीत नाही ते आम्ही करत नाही. असा महिना काढला. त्या महिन्यात पोरीने मला रोज गरम भाकरी वाढली, रोज माझ्याशी भांडली, आणि मी फार सुखात होतो.

पुढच्या रविवारी मी दाढी करत असताना ती बाहेर गेली आणि अर्ध्या तासात बोर्ड घेऊन आली. ना बैठक, ना मध्यस्थ, आपली आपण पसंती! तोच तिसरा बोर्ड, रंगाने काळपट. सतरंजीवर बसून तिने संध्याकाळपर्यंत मशीन उभं केलं. मी नुसता स्क्रू धरून बसलो होतो. शेवटी विचारलं, "एवढ्या खाचा रिकाम्या कशाला ठेवल्यास?" ती म्हणाली, "आताच सगळं भरून टाकलं तर पुढे वाढणार कसं, आबा?" ती बोर्डाबद्दलच बोलत होती, पण मला लागलं. मग मान खाली घालूनच म्हणाली, "हा बोर्ड चांगला आहे, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तुम्हाला थोडे दिवस हवे होते, म्हणून गप्प बसले." मी स्क्रू शोधायच्या निमित्ताने खाटेखाली वाकलो आणि बराच वेळ तिथेच राहिलो.

असो. अक्कांना नमस्कार. तब्येतीला जपा.

तुमचा,
सुकदेव

ता. क. पोरगी अजून घरात आहे, असं तुम्हाला वाचताना वाटलं असेल. मलाही लिहिताना तसंच वाटत होतं, म्हणून पत्र लांबवलं. मंगळवारी भुसावळला जाऊन तिला गाडीत बसवून आलो. लोक काय म्हणतील ते मला येऊन म्हणू देत. आता तिच्यासाठी स्थळं पाहू नका.

आणखी एक. मशीनच्या पडद्यावर तिने माझ्यासाठी एक पत्र ठेवलंय. छोटंसं चित्र आहे, खाली इंग्रजीत 'आबा' लिहिलंय. त्याच्यावर झटपट दोनदा टिचकी मारायची असते. माझ्या दोन टिचक्यांमध्ये फार अंतर पडतं. तुमच्या अभिमनला कॉम्प्युटर येतो, त्याला रविवारी पाठवा.

नाना, अभिमनला पाठवू नका. मी खोटं लिहिलं. टिचकी मला येते, जायच्या आधी चार दिवस तिने घोटून घेतली आहे. एकट्याने उघडवत नाही. तुम्हीच या. भरताची वांगी आली आहेत, आणि एका माणसापुरतं भरीत काही होत नाही. जेवण झालं की मशीनपुढे बसू. तुम्ही शेजारी बसा, टिचकी मी मारीन.